छत्तीस टक्के आले कुठून? पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षातलं एक प्रकरण

आधी एक खुलासा. या प्रकरणातली विद्यार्थिनी, तिच्या गाइड आणि तिचे आकडे समजावून सांगण्यासाठी रचलेले आहेत. चुका मात्र रचलेल्या नाहीत. सिस्टिम्स विषयात काम करणाऱ्या कुठल्याही संशोधनगटात त्या दर एक-दोन वर्षांनी नव्या विद्यार्थ्याच्या हातून घडतात. ज्या जुन्या पेपरांचा आणि प्रयोगांचा उल्लेख पुढे येतो, तेही खरे आहेत.

परिस्थिती

कॉम्प्युटर सायन्सची पीएच.डी., चौथं सत्र. कोर्सवर्क संपलेलं, गुण उत्तम, पात्रता परीक्षा पहिल्या प्रयत्नात पार. विषय मेमरीत चालणारी की-व्हॅल्यू कॅश, म्हणजे वारंवार लागणाऱ्या वस्तू त्यांच्या ओळखीसह (की) हाताशी ठेवणारा छोटा साठा. कॅश भरली की कुठली नोंद बाहेर काढायची, यासाठी सर्वांत प्रचलित नियम एलआरयू: जिला सर्वांत जास्त वेळ कुणी हात लावला नाही, ती आधी जाते.

तिची कल्पना साधी होती. नवी वस्तू लगेच आत घ्यायचीच नाही. पहिल्यांदा मागणी आली की फक्त तिची की एका आठवण-तक्त्यात टिपून ठेवायची. दुसऱ्यांदा मागणी आली तरच कॅशमध्ये जागा द्यायची. एकदाच मागितल्या जाणाऱ्या वस्तू एरवी उपयोगी वस्तूंना बाहेर ढकलतात, ते यामुळे थांबतं.

चार महिने खपून तिने हे बांधलं. ३२ थ्रेडचा (एकाच वेळी चालणाऱ्या ३२ धाग्यांचा) लोड जनरेटर, म्हणजे सर्व्हरवर विनंत्यांचा मारा करणारा प्रोग्राम, लावला; झिफ वितरणाचा, म्हणजे थोड्या वस्तूंना खूप आणि बाकीच्यांना तुरळक मागणी असलेला, कृत्रिम लोड दिला. एलआरयूने सेकंदाला सुमारे ८४ हजार विनंत्या हाताळल्या, तिच्या पद्धतीने १ लाख १४ हजार. वाढ ३६ टक्के. ९९वा पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या नव्व्याण्णव विनंत्या ज्याच्या आत पूर्ण होतात तो वेळ, ३.९ मिलिसेकंदांवरून २.८ वर आला. डेडलाइनला सहा आठवडे बाकी, पेपरची आठ पानं लिहून तयार, पहिल्याच परिच्छेदात ठळक ३६ टक्के.

गाइडनी मसुदा वाचला आणि एवढंच म्हणाल्या: "हे छत्तीस टक्के हिट रेशोतून निघतात का, ते कागदावर काढून दाखव." हिट म्हणजे मागितलेली वस्तू कॅशमध्येच सापडणं, मिस म्हणजे न सापडणं; शंभरातल्या किती विनंत्या हिट, तो हिट रेशो.

कागदावरचा हिशेब

लागणारे चार आकडे तिच्या लॉगमध्येच होते, तिने ते कधी एकत्र मांडले नव्हते. हिटला ०.२ मिलिसेकंद, मिसला २ मिलिसेकंद. एलआरयूचा हिट रेशो ९० टक्के, तिचा ९२.

एलआरयूचा सरासरी वेळ: ०.९ × ०.२ अधिक ०.१ × २, म्हणजे ०.३८ मिलिसेकंद. लोड जनरेटरचा प्रत्येक थ्रेड उत्तर आल्यावरच पुढची विनंती पाठवतो, त्यामुळे थ्रूपुट (ठरावीक वेळात हाताळलेल्या विनंत्या) म्हणजे ३२ भागिले सरासरी वेळ. ३२ भागिले ०.३८ केलं की मिलिसेकंदाला ८४, म्हणजे सेकंदाला ८४ हजार. मोजलेला आकडाही तोच. हे जुळणं महत्त्वाचं, कारण मॉडेल कितीही ढोबळ असलं तरी निदान एका बाजूला ते खरं उतरलं.

आता तिची पद्धत: ०.९२ × ०.२ अधिक ०.०८ × २, म्हणजे ०.३४४. भागाकार केला की ९३ हजार. वाढ साधारण १० टक्के.

मोजमाप १ लाख १४ हजार, हिशेब ९३ हजार. मधले २१ हजार तिच्या कल्पनेतून येतच नव्हते. ते कुठून तरी येत होते आणि कुठून, हे तिला माहीत नव्हतं.

इथे थोडं थांबायला हवं, कारण या प्रकरणाचा गाभा इथेच आहे. हाच आकडा २० टक्क्यांनी कमी आला असता, तर तिने तीन रात्री जागून चूक शोधली असती. तो जास्त आला म्हणून पेपर लिहायला घेतला. आपल्या बाजूने बोलणाऱ्या साक्षीदाराची उलटतपासणी कुणी घेत नाही. आणि याला कोर्सवर्कचीही साथ असते. असाइनमेंटमध्ये उत्तर आधीच कुणाला तरी ठाऊक असतं. अपेक्षित आकड्यापेक्षा आपला आकडा चांगला आला तर पूर्ण गुण मिळतात, 'जास्त का आला' असं कुणी विचारत नाही. पदव्युत्तर प्रकल्पाचंही तसंच, डेमो चालला की प्रकल्प संपतो. पीएच.डी.त डेमो चालला की काम सुरू होतं. हा सांधा बदलायला बहुतेकांना वर्ष-दीड वर्ष लागतं, आणि हुशार विद्यार्थ्यांना कधीकधी जास्तच, कारण तोवर त्यांचं उत्तर चुकलेलंच नसतं.

शोध: स्वस्तापासून महागाकडे

शंका अनेक होत्या. तपासण्याचा क्रम 'कुठली जास्त संभाव्य' यावर न ठरवता 'कुठली सर्वांत स्वस्तात निकालात निघते' यावर ठरवला. हा क्रम नवख्यांना सुचत नाही. ते सर्वांत आकर्षक शंकेमागे दोन आठवडे धावतात.

पहिली तपासणी एका मिनिटाची. दोन्ही प्रोग्राम एकाच कंपायलरने, एकाच ऑप्टिमायझेशन पातळीवर बांधलेत का? हो. (बऱ्याच वेळा इथेच घोडं पेंड खातं. बेसलाइन, म्हणजे तुलनेसाठीचा प्रोग्राम, चुका शोधण्यासाठीच्या संथ डीबग बिल्डमध्ये राहिलेली असते.)

दुसरी एका रात्रीची. ती नेहमी आधी एलआरयू चालवायची आणि मग स्वतःची पद्धत, दोन्ही एकेकदा. प्रोसेसरचं तापमान, टर्बो क्लॉक (प्रोसेसरचा आपोआप वाढणारा वेग), गरम झालेली फाइल कॅश या सगळ्यांचा एका बाजूला पक्षपात होऊ शकतो. क्लॉक स्थिर केला, दोन्ही प्रोग्राम यादृच्छिक क्रमाने दहा-दहा वेळा चालवले. फैलाव २ टक्क्यांच्या आत आला. म्हणजे गोंगाट होता, पण २१ हजारांचा नव्हता. ही तपासणी फुकट गेली असं मात्र नाही. मिटकोविच आणि सहकाऱ्यांनी २००९ साली दाखवलं होतं की नुसत्या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल्सची लांबी किंवा ऑब्जेक्ट फायली लिंक करण्याचा क्रम बदलला तरी प्रोग्रामचा वेग बदलतो, कारण स्टॅक आणि कोड मेमरीत वेगळ्या पत्त्यांवर बसतात. मोजणाऱ्याने काहीही चुकीचं केलेलं नसतं, तरी निष्कर्ष उलटू शकतो. दहा रन आणि फैलाव या दोन गोष्टी पेपरात छापायला लागतात, त्या यासाठी.

तिसरी अर्ध्या दिवसाची, प्रोफाइलर, म्हणजे प्रोग्रामचा वेळ कुठे जातो ते दाखवणारं साधन. एलआरयूचे थ्रेड बराच वेळ एका लॉकवर (एका वेळी एकाच थ्रेडला आत सोडणाऱ्या कडीवर) ताटकळत होते. तिच्या प्रोग्राममध्ये तो लॉक यादीत खाली गेला होता. दोन्ही कोड शेजारी ठेवल्यावर कारण दिसलं. एलआरयूत प्रत्येक हिटला नोंद यादीच्या शेंड्यावर आणतात, त्यासाठी लॉक घ्यावा लागतो. तिने तिच्या फायलीत ही हालचाल सैल केली होती: नुकतीच वर आणलेली नोंद काही काळ हलवायचीच नाही. बदल चार ओळींचा. तिसऱ्या महिन्यात, एका संध्याकाळी, 'थोडं ऑप्टिमाइझ' म्हणून केलेला. कमिट संदेशात (कोडमधला बदल जतन करतानाच्या टिपणात) तेवढंच लिहिलेलं. मसुद्यात त्याचा उल्लेख नव्हता, कारण तिच्या लेखी ती कल्पना नव्हतीच, साफसफाई होती.

युक्ती नवीही नाही. मेमकॅश्ड या प्रचलित कॅश सॉफ्टवेअरच्या मूळ एलआरयूत ती वर्षानुवर्षं होती: एकदा पुढे आणलेली नोंद साठ सेकंदांच्या आत पुन्हा हलवली जात नसे.

दोन बदल, चार प्रोग्राम

मग जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते केलं. दोन्ही बदलांना स्वतंत्र स्विच दिले आणि चारही जोड्या मोजल्या. सेकंदाला हजार विनंत्या:

साधा एलआरयू: ८४
एलआरयू, फक्त सैल हालचाल: १०१
फक्त दुसऱ्या मागणीला प्रवेश: ९३
दोन्ही: ११४

तिच्या कल्पनेने ९ हजारांची भर घातली, हिशेबाबरहुकूम. साफसफाईने १७ हजारांची. बेरीज २६ होते आणि वाढ ३० आहे. उरलेले ४ हजार चूक नव्हेत. हिट स्वस्त झाल्या (०.२ वरून ०.१३ मिलिसेकंद) की एकूण वेळात मिसचा वाटा ५३ टक्क्यांवरून ६३ वर जातो, म्हणून मिस टाळण्याची किंमतही वाढते. सैल हालचालीच्या एलआरयूवर तिच्या पद्धतीचा फायदा १३ टक्के भरतो. असा परस्परपरिणाम बघायचा तर एकेक बदल काढून बघणं पुरत नाही, चारही कोपरे भरावे लागतात. तीन बदल असतील तर आठ. तिथून पुढे खर्च वाढतो, म्हणून मुळात एका शाखेत एकच बदल ठेवणं स्वस्त पडतं.

चुकीचं मूळ तांत्रिक कमी आणि माणसाच्या स्वभावाचं जास्त आहे. स्वतःच्या कोडला चार महिने मिळाले, बेसलाइनला एक दुपार. स्वतःच्या कोडमधला प्रत्येक संथ कोपरा टोचतो. बेसलाइन संथ असली तर कुणाला दुःख होत नाही. फ्रँक मॅकशेरी, मायकल आयसार्ड आणि डेरेक मरे यांनी २०१५ साली हाच प्रश्न मोठ्या प्रमाणावर विचारला. अनेक कोअरवर (प्रोसेसरच्या स्वतंत्र गणनाघटकांवर) चालणाऱ्या ग्राफ-प्रक्रिया प्रणालींच्या छापील आकड्यांशेजारी त्यांनी लॅपटॉपवरचा, एकाच थ्रेडचा, नीट लिहिलेला प्रोग्राम ठेवला. कित्येक ठिकाणी लॅपटॉप जिंकला. त्या प्रणालींचे आकडे खोटे नव्हते, तुलना दुबळ्याशी होती.

संथ विनंत्या लपल्या कुठे

९९व्या पर्सेंटाइलची सुधारणा अजून शाबूत होती. तीही टिकली नाही, आणि कारण आणखी शिकवणारं आहे.

आठवण-तक्त्यात दहा लाख की होत्या. दर पाच सेकंदांनी एक थ्रेड सगळा तक्ता झाडून जुन्या की काढायचा. त्याला १०० मिलिसेकंद लागायचे, आणि तेवढा वेळ सगळ्यांचा लॉक त्याच्या हातात. म्हणजे दर पाच सेकंदांनी सर्व्हर दशांश सेकंद गोठत होता. हे मोजमापात दिसलं कसं नाही?

लोड जनरेटर सभ्य होता म्हणून. ३२ थ्रेड, प्रत्येकाची एक विनंती अडकलेली. सर्व्हर गोठला की तेही थांबायचे आणि नवी विनंती पाठवायचेच नाहीत. पाच सेकंदांतल्या साडेपाच लाख विनंत्यांपैकी संथ फक्त ३२ नोंदल्या जायच्या. ९९वा सोडाच, ९९.९९व्या पर्सेंटाइललाही त्या दिसणार नाहीत.

खरे वापरकर्ते एकमेकांना विचारून थांबत नाहीत. सेकंदाला ६० हजारांच्या ठरलेल्या दराने, उत्तराची वाट न बघता विनंत्या पाठवल्या, तर गोठलेल्या दशांश सेकंदात ६ हजार येऊन उभ्या राहतात. पाच सेकंदांच्या ३ लाखांत ते २ टक्के. त्यांतल्या पहिल्या अर्ध्या किमान ५० मिलिसेकंद अडकतात, म्हणजे ९९वा पर्सेंटाइल ५० च्या वर जायलाच हवा. तो गेला. त्याच दराला एलआरयू ४ च्या आसपास होता. मसुद्यात 'सुधारणा' म्हणून छापलेली गोष्ट दहा पटींहून अधिक घसरण होती.

बंद (उत्तराची वाट बघणाऱ्या) आणि खुल्या (वाट न बघणाऱ्या) लोडमधला हा फरक श्रोडर, वायरमन आणि हारकोल-बाल्टर यांनी २००६ सालीच तपशिलात मांडला आहे. मोजणारा आणि मोजला जाणारा एकमेकांना सांभाळून घेतात या दोषाला 'कोऑर्डिनेटेड ओमिशन' असं नावही आहे. तयार लोड जनरेटर घेताना पहिला प्रश्न तोच विचारावा: तू उत्तराची वाट बघतोस का? आणि वेळ कधीपासून मोजतोस, विनंती प्रत्यक्ष निघाल्यापासून की ती निघायला हवी होती तेव्हापासून?

दुरुस्ती सोपी निघाली. तक्ता एका झटक्यात न झाडता प्रत्येक विनंतीसोबत चार नोंदी झाडायच्या. सेकंदाला ६० हजार विनंत्यांच्या दराने पाच सेकंदांत बारा लाख नोंदी झाडून होतात, तक्ता दहा लाखांचाच आहे. गोठणं गेलं.

आणि कल्पना जुनी निघाली

१९९४ साली थिओडोर जॉन्सन आणि डेनिस शाशा यांनी डेटाबेसच्या बफरसाठी टू-क्यू नावाची पद्धत मांडली. पहिल्यांदा आलेलं पान एका छोट्या रांगेत जातं. तिथून बाहेर पडलं की फक्त त्याची ओळख दुसऱ्या यादीत उरते. त्या यादीत असताना पुन्हा मागणी आली तरच मुख्य यादीत जागा मिळते. विद्यार्थिनीचा आठवण-तक्ता म्हणजे जवळपास तीच दुसरी यादी. मेगिडो आणि मोधा यांच्या २००३ च्या एआरसी या कॅश-पद्धतीमध्येही नुसत्या ओळखींच्या अशा याद्या आहेत. मॅग्ज आणि सीतारामन यांनी २०१५ च्या लेखात तर एका मोठ्या कंटेंट वितरण जाळ्यात दुसऱ्या मागणीलाच साठवण्याची युक्ती ब्लूम फिल्टर ('ही की आधी दिसली का' हे थोड्या जागेत, जवळपास अचूक सांगणारी रचना) वापरून कशी चालते, ते लिहिलं आहे.

तिने शोधलं नव्हतं असं नाही. चाळीस पेपर वाचले होते. शोधले मात्र स्वतः पाडलेल्या नावाने आणि 'की-व्हॅल्यू कॅश' या शब्दांनी. ज्या काळात ही कल्पना जन्मली तेव्हा तिचं घर डेटाबेसमध्ये होतं आणि तिथे वस्तूला 'पान', कॅशला 'बफर' म्हणत. शब्दांनी केलेला शोध शब्दांच्या भिंतीपलीकडे जात नाही. संदर्भांच्या साखळीने गेलेला शोध जातो. नंतर तिने तीन जवळचे पेपर घेतले, त्यांच्या संदर्भसूचीतून मागे गेली, मग त्या जुन्या पेपरांना कुणी उद्धृत केलं ते बघत पुढे आली. टू-क्यू दुसऱ्या टप्प्यात, चाळीस मिनिटांत सापडला.

वाचण्याच्या पद्धतीतही खोट होती. ती प्रत्येक पेपर पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचायची. संगणकशास्त्रज्ञ एस. केशव यांची तीन फेऱ्यांची पद्धत इथे कामाची आहे. पहिली फेरी पाच-दहा मिनिटांची: शीर्षक, सारांश, मथळे, निष्कर्ष. दुसरी तासाभराची: आकृत्या आणि आलेख नीट, सिद्धता सोडून. तिसरीत पेपर मनातल्या मनात स्वतः पुन्हा रचायचा. चाळीस पेपरांतले तीस पहिल्या फेरीतच बाजूला पडायला हवे होते, आणि तीन-चार तिसऱ्या फेरीपर्यंत जायला हवे होते. तिने सगळ्यांना दुसरी दिली.

निर्णय

डेडलाइनला आता साडेतीन आठवडे. वाटा तीन.

मसुदा तसाच पाठवणं आता अप्रामाणिकपणा ठरला असता, तो प्रश्न मिटला. दुसरी वाट: फक्त प्रवेशाची पद्धत, १० टक्के, दुरुस्त झाडणीसह. खरं, पण तीस वर्षांच्या आसपास जुनं. तिसरी वाट शोधातूनच निघाली. चार ओळींच्या साफसफाईने तिच्या नव्या पद्धतीपेक्षा जास्त वेग दिला असेल, तर कॅश-पद्धतींच्या तुलनेत छापल्या जाणाऱ्या सुधारणांपैकी किती पद्धतीच्या आणि किती लॉकच्या? हा प्रश्न मोजता येतो.

गाइडनी डेडलाइन सोडायला सांगितली. विद्यार्थिनीला ते लागलं, आणि लागणं साहजिक होतं. दोन वर्षं, छापील काम शून्य. पण इथे गाइडचं म्हणणं रास्त मानायला हवं, आणि ते फक्त नीतीचं नाही. संशोधनाच्या नोकरीच्या मुलाखतीत, मग ती विद्यापीठातली असो की कंपनीच्या प्रयोगशाळेतली, व्याख्यानानंतर हमखास येणारा प्रश्न असा: या सुधारणेतला किती भाग तुमच्या कल्पनेचा? चार कोपऱ्यांचा तक्ता ज्याच्याकडे तयार आहे तो एका वाक्यात उत्तर देतो. शिफारसपत्रातही गाइडला नेमकं काहीतरी लिहायचं असतं, आणि 'स्वतःचा ३६ टक्क्यांचा निकाल स्वतः पाडला' हे वाक्य 'मेहनती आहे' यापेक्षा बरंच जड.

नवा प्रयोग आखताना पहिला आराखडा असा होता: पाच पद्धती, हालचालीचे दोन प्रकार, थ्रेडसंख्या १, ८, १६ आणि ३२, तीन ट्रेस (विनंत्यांच्या नोंदवून ठेवलेल्या मालिका), प्रत्येकी दहा रन. १,२०० रन. प्रत्येकी पाच मिनिटं गरम करायला, दहा मिनिटं मोजायला. ३०० तास, एका मशीनवर साडेबारा दिवस. एक चूक निघाली की पुन्हा साडेबारा दिवस. म्हणून आधी छोटी फेरी: थ्रेड फक्त १ आणि ३२, रन तीन-तीन. १८० रन, ४५ तास. शुक्रवारी संध्याकाळी सुरू केली की रविवारी संध्याकाळपर्यंत आकडे हातात. हिट रेशोला तर मशीनही लागत नाही, एकाच थ्रेडच्या सिम्युलेटरवर तो काही मिनिटांत निघतो.

ट्रेस बदलले, कारण झिफचा कृत्रिम लोड तिच्या बाजूला झुकलेला होता. त्यात वस्तूंची लोकप्रियता कधी बदलत नाही. काल गाजलेली की आजही गाजते, त्यामुळे 'आधी दिसली होती का' हा प्रश्न विचारणारी कुठलीही पद्धत हुशार दिसते. प्रत्यक्षात नव्या वस्तू येतात, गाजतात, विसरल्या जातात. अशा ट्रेसवर तिच्या पद्धतीचा २ टक्क्यांचा हिट रेशोचा फायदा एका ठिकाणी अर्धाच राहिला आणि एका ठिकाणी उलटला. नवी वस्तू गाजू लागली की पहिली मागणी वाया जातेच.

आठवड्याची बैठक बदलली

आधीच्या बैठकांत ती आलेख दाखवायची आणि गाइड पुढचं काम सांगायच्या. प्रत्येक बैठक अर्धा तास, आणि चार महिने कुणाला कळलं नाही की आलेखाखाली दोन बदल आहेत. दोष एकट्या विद्यार्थिनीचा नाही. फक्त निकाल बघणाऱ्या गाइडला फक्त निकालच दाखवले जातात.

आता बैठकीच्या आदल्या दिवशी एक पान पाठवायचं. त्यात चारच गोष्टी: प्रयोगाआधी कुठला आकडा अपेक्षित होता, कुठला आला, फरक का, आणि आता काय खरं वाटतं. अपेक्षित आकडा रन सुरू करण्याआधीच्या कमिटमध्ये लिहिलेला असायला हवा, नाहीतर मागाहून सगळंच अपेक्षित वाटतं. पहिल्याच छोट्या फेरीत याचा उपयोग झाला. तिने लिहिलं होतं की एका थ्रेडवर सैल हालचालीचा फायदा शून्य, कारण लॉकसाठी भांडायला दुसरं कुणी नाही. आला ३ टक्के. कारण शोधलं तर नोंद हलवताना तिचे जुने-नवे शेजारीही बदलावे लागतात, आणि त्या नोंदी प्रोसेसरच्या कॅशमध्ये नसतात. लॉक नसतानाही हलवण्याला किंमत आहे. हा ३ टक्क्यांचा आकडा पेपरात एका छोट्या उपविभागाचा विषय झाला.

प्रतिकूल बाजूही सांगायला हवी. या पद्धतीने काम सुरुवातीला संथ होतं. पहिल्या सहा आठवड्यांत तिचे रन निम्म्याने घटले. ज्या अभ्यासक्रमात दरवर्षी पेपरांची मोजदाद होते, तिथे गाइडलाही हे निभावणं जड जातं.

पुढे

सहा पानांचा पेपर चार महिन्यांनी एका कार्यशाळेत गेला आणि नाकारला गेला. तीन समीक्षकांपैकी दोघांना आवडला. तिसऱ्याने 'यात नवी पद्धत कुठे आहे' असं लिहिलं. या निकालाचा फार अर्थ काढू नये. २०१४ साली मशीन लर्निंगच्या निप्स परिषदेने १६६ पेपर दोन स्वतंत्र समित्यांना दिले, तेव्हा सुमारे चौथ्या हिश्श्यावर दोघींचे निर्णय वेगळे आले. तिसऱ्या समीक्षकाचा आक्षेप चुकीचा असला तरी दोष मसुद्याचा होता. प्रश्न पहिल्या पानावर न येता तिसऱ्यावर येत होता. तो पुढे आणला, चार कोपऱ्यांचा तक्ता पहिल्या पानावर ठेवला, पूर्ण १,२०० रन लावले आणि पेपर पुढच्या ठिकाणी पाठवला. या वेळी स्वीकारला गेला, सोबत कोड आणि डेटाची तपासणी करून घेण्याची मुभा मिळाली.

त्या तपासणीसाठी पॅकेज बांधायला तीन आठवडे गेले. एका आदेशात सगळं बांधलं जावं, अर्ध्या तासात एक छोटा निकाल दिसावा, प्रत्येक आलेखाला त्याचा स्वतंत्र स्क्रिप्ट असावा. पाठवण्याआधी तिने ते गटातल्या दुसऱ्या विद्यार्थ्याला दिलं, तोंडी काहीही न सांगता. त्याच्याकडे आठ कोअरचं मशीन होतं. बांधणी नीट झाली, स्क्रिप्ट चालले, आणि सैल हालचालीचा फायदा २० टक्क्यांऐवजी ५ आला. एका वेळी आठच थ्रेड प्रत्यक्ष चालत असतील तर लॉकवर गर्दीच कमी होते. सारांशातलं 'सैल हालचाल थ्रूपुट वाढवते' हे वाक्य तिने त्याच दिवशी बदललं. त्यात कोअरची संख्या घातली, आणि आठ कोअरचा आलेख परिशिष्टात न टाकता मूळ आलेखाच्या शेजारी लावला.